शेवटचा नग

आमच्या शाळेत मी वर्गावर येतेय हे मुलांना आधी ऐकू येतं. माझ्या खुर्चीच्या मोटरची घरघर व्हरांड्यातून माझ्यापुढे पळते. त्यामुळे मी दारात पोचते तेव्हा सगळी कशी शहाण्यासारखी बसलेली असतात. इतकी वर्षं भूगोल शिकवतेय, पण एकही कार्टं रंगेहाथ सापडलेलं नाही. खुर्चीला मुलांनी 'गिरणी' असं नाव ठेवलंय. माझ्यासमोर म्हणत नाहीत. मला ते माहीत आहे आणि आवडतंही, हे मात्र त्यांना कळलेलं नाही, आणि कळूही नये.

ही गिरणी आजवर चालत राहिली ती एका बाईंमुळे. खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत त्या सुट्या भागांच्या खिडकीवर बसायच्या. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला बाई म्हणतात, आणि बाकीची गिऱ्हाइकं पाठीमागे त्यांना 'आहे-नाही ताई' म्हणायची. कारण फोनवर त्यांची उत्तरं दोनच. "आहे." "नाही." की फोन खाली. तुमच्याबद्दल लिहू का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं? कपाटांवर लिहा. ती मी नीट लावली होती." कपाटांवर मी येतेच, पण त्याआधी माझ्या पहिल्या खुर्चीची रडकथा सांगायला हवी.

लहानपणीच्या एका तापात माझे पाय गेले आणि हातांतलं बळही बरंचसं गेलं. उरलंय ते उजव्या हाताच्या बोटांत, खडू धरण्यापुरतं आणि खुर्चीच्या हातावरची दांडी ढकलण्यापुरतं. ही दांडी बोटभर असते. पुढे दाबली की खुर्ची पुढे जाते, कडेला दाबली की वळते. साध्या चाकांची खुर्ची मला माझी मला ओढता येत नाही. म्हणजे दांडी चालू तर मी माणूस, दांडी बंद तर सामान.

पहिली खुर्ची दादाने मोठ्या हौसेने घेऊन दिली. चकचकीत, जराही आवाज न करणारी. दुकान तर बघत राहावं असं. काचेचं दार, ताजी फुलं, आल्या आल्या पाणी विचारणारी मुलगी. दोनेक वर्षांनी एका सकाळी खुर्ची जागची हलेना. दादा दुकानात गेला. काचेचं दार होतं, फुलं होती, मुलीने पाणीही विचारलं. फक्त भाग नव्हता. "ते मॉडेल आता बंद झालंय, सर. नवीन फार छान आलंय, दाखवू का?" दादा बाहेरच्या एका मेकॅनिककडे गेला. त्याने खुर्ची उलटीपालटी केली आणि हात टेकले. आतली डबी चिकटवून बंद केलेली होती. फोडली तरच उघडणार, आणि फोडली की कामातून जाणार. मग ती चकचकीत खुर्ची कोपऱ्यात गेली आणि आई तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागली.

त्यानंतरचे महिने मी ढकलली गेले. ढकलणारी माणसं वाईट नसतात, हे आधीच सांगून ठेवते. पण तुम्हाला खिडकीजवळ जायचं असतं आणि ते तुम्हाला पंख्याखाली नेऊन ठेवतात. कुणाशी बोलत असता, तेवढ्यात तुमचं तोंड दुसरीकडे वळतं. "थांबा जरा इथेच हं," म्हणतात, जणू काही मी निघालेच होते. दिवसभर सगळ्यांना थँक्यू म्हणून म्हणून माझं तोंड दुखायचं आणि रात्री मी आईवर चिडायची. आई बिचारी ऐकून घ्यायची.

मग कुणीतरी दादाला शहराबाहेरच्या कारखान्यांमधल्या एका छोट्या कंपनीचं नाव सांगितलं. आम्ही गेलो. खुर्च्यांच्या कंपनीत शिरल्यावर खुर्च्या दिसायला हव्यात की नाही? तिथे आधी कपाटं दिसली. छतापर्यंत, भिंतभर. प्रत्येक खणाला पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर त्या भागाचं चित्र, कारण गिऱ्हाइकाला भागाचं नाव येत नाही, पण काय तुटलंय ते दिसतं. खुर्च्या मागच्या खोलीत होत्या. तिकडे जायचा रस्ताच या कपाटांमधून. आणि रस्त्याच्या तोंडाशी, उंच स्टुलावर, कानावर पेन्सिल खोचून ताई.

दादाने नव्या मॉडेलच्या खुर्चीवर बोट ठेवलं. "ही द्या."

"नाही," ताई म्हणाल्या.

"समोर तर उभी आहे."

"खुर्ची आहे. हिचे भाग अजून कपाटात आलेले नाहीत. ते लागले की देऊ."

"अहो, कोरी करकरीत खुर्ची आहे. भाग कशाला लागतायत आत्ता?"

"आत्ता नाही लागणार. लागतील तेव्हा तुम्ही मला शिव्या घालाल."

माझे पाय बाकी काही करत नसले तरी तळपायाची आग मस्तकात पोचवायचं काम चोख करतात. मी मालकांना बोलवा म्हणून आवाज चढवला. मालक हात पुसत पुसत बाहेर आले. शांत माणूस. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "भागांचं ताई ठरवतात. त्या नाही म्हणाल्या तर मलाही ती खुर्ची विकता येत नाही." आणि परत आत गेले. मला वाटलं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. ही कंपनी आहे की काय!

ताईंनी मग कोपऱ्यातून एक जुनी खुर्ची ओढत आणली. शेवाळी रंगाची, जागोजागी पोपडे उडालेली. "रंगाकडे बघू नका. हिचा स्क्रू न् स्क्रू माझ्याकडे आहे. नवीचे भाग लागेपर्यंत ही वापरा." तीच ही गिरणी. पुढे नवीचे भाग आले तेव्हा ताईंचा फोन आला, "आहे." मी म्हटलं, "राहू दे, नको." तोवर मला हिची सवय झाली होती, आणि काही बिघडलं तर काय करायचं ते आमच्या घरात सगळ्यांना येत होतं.

ते येत होतं कारण ताईंची आणखी एक रीत. भाग नुसता हातात द्यायच्या नाहीत. खिडकीसमोरच्या टेबलावर तो गिऱ्हाइकाकडून बसवून घ्यायच्या, काढून घ्यायच्या, पुन्हा बसवून घ्यायच्या, मग पिशवीत घालायच्या. घाईत आलेली माणसं वैतागायची. मोटरमध्ये कार्बनचे दोन ठोकळे असतात, खोडरबराच्या तुकड्याएवढे. ते झिजले की मोटर दमते. पहिल्यांदा ते झिजले तेव्हा दादा बाहेरगावी होता, म्हणून आई माझ्याबरोबर आली. ताईंनी स्क्रू-ड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

"मला विजेची भीती वाटते," आई दोन पावलं मागे.

"मावशी, बॅटरीची तार काढलीय. आता त्यात चमच्याइतकीही वीज नाही."

"माझे डोळेही बरे नाहीत."

"सुईत दोरा ओवता ना? मग हे येईल."

आईने पदर खोचला, ओठ घट्ट मिटले आणि झाकण उघडलं. परत येताना रिक्षात तिची मान अशी ताठ होती की मी बघतच राहिले. त्यानंतर शेजारणीचा मिक्सर कुरकुरला तरी आई भिंतीपलीकडून निदान सांगायची, "कार्बन गेलेत हो तुमचे."

एकदा पाऊण दिवस तिथेच बसून राहायची वेळ आली, तेव्हा चहा पिता पिता मी ताईंना विचारलं, "तुम्ही कुणाला 'येईल' असं का म्हणत नाही? जरा बरं वाटतं ऐकणाऱ्याला."

त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं. त्यांच्या आईचं शिलाई मशीन होतं. त्यावर घर चालायचं. आतलं एक दातेरी चाक तुटलं. दुकानदार भला माणूस, रोज हसून म्हणायचा, पुढच्या आठवड्यात येईल. "म्हणून आईने मशीन विकलं नाही, आणि दुसरं कामही धरलं नाही. येणार होतं ना ते चाक. वर्ष गेलं त्यात. तो पहिल्या दिवशी नाही म्हणाला असता तर आमची आई दुसऱ्या दिवशी कामाला लागली असती. नाही म्हटलेलं माणसाला झेपतं हो, बाई." कंपनीत त्या आधी खुर्च्यांच्या गाद्या शिवायला लागल्या होत्या. कुठला भाग कुठे पडलाय हे कारखान्यात त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, हे मालकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्यांना खिडकीवर बसवलं. आता ताई निवृत्त झाल्यात, पण खिडकी आहे, आणि भाग आल्याशिवाय खुर्ची विकायची नाही हा नियमही आहे. चांगुलपणा एकट्या ताईंचाच असता तर तो त्यांच्याबरोबर घरी गेला असता. मालकांनी तो कंपनीचा करून ठेवला, म्हणून मी दोघांचीही ऋणी आहे. विकताना गोड सगळेच बोलतात. कंपनी कशी आहे हे वस्तू बंद पडल्यावर कळतं.

आणि एक दिवस माझी गिरणी खरोखरच बंद पडली. कार्बन नव्हे, बॅटरी नव्हे. दांडीखालची डबीच गेली. ही डबी म्हणजे खुर्चीचं डोकं. दांडी कुठे वळली ते मोटरना तीच सांगते. ती बाहेरून यायची आणि जी कंपनी ती बनवायची तिने केव्हाच गाशा गुंडाळला होता. उसनी द्यायला ताईंकडे ज्या जुन्या खुर्च्या होत्या त्यांच्याही डब्या अशाच निकामी झालेल्या. नवी खुर्ची घ्यावी तर आईच्या ऑपरेशनने त्या वर्षी आमचं घर पिळून काढलं होतं.

मी पुन्हा ढकलली जाऊ लागले. शाळेत हे काम शिपाईकाकांकडे आलं. त्यांना घंटा द्यायची, पाणी भरायचं, टपाल न्यायचं, आणि तासातासाला मला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात न्यायचं. त्यांच्या नाकी नऊ आले. मी वर्गात उशिरा पोचायची, तोवर मुलांनी वर्ग डोक्यावर घेतलेला असायचा. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं.

"सुट्टी संपेपर्यंत खुर्ची चालू झाली तर उत्तमच," त्या म्हणाल्या. "नाहीतर नव्या सत्रापासून तुम्ही ऑफिसात बसा. परीक्षांचं काम बघा. दगदग नाही, पंख्याखाली टेबल आहे."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला तो पंखाच आधी दिसला. मला वर्ग हवा होता. बोर्डावर नदी काढता काढता मागच्या बाकावर काय शिजतंय ते पाठीला कळतं, ते मला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी दादाला घेऊन मी ताईंच्या खिडकीवर हजर.

"डबी हवीय."

"नाही," ताई म्हणाल्या.

पण मी वर बघितलं. सगळ्यात वरच्या खणात, डबीच्या चित्राच्या चिठ्ठीमागे, डबी होती. तिला लाल दोरा बांधलेला.

"ती काय दिसतेय?"

"ती विकायची नाही. शेवटची आहे."

तेव्हा मला त्या लाल दोऱ्यांचा अर्थ कळला. इतकी वर्षं कपाटांत अधूनमधून ते दिसायचे, मी कधी विचारलं नव्हतं. कुठल्याही भागाचा शेवटचा नग ताई विकायच्या नाहीत. दोरा बांधून ठेवायच्या.

"शेवटचा नग गेला की त्याचं माप गेलं, बाई. कुठली तार कुठे जाते, ते गेलं. मग मागून येणाऱ्याला मी काय देऊ?"

"मागून येणाऱ्याचं मला काय सांगता? मी आत्ता आलेय."

"तुमच्या खुर्चीच्या बहिणी अजून बऱ्याच घरांत आहेत. सगळ्यांच्या डब्या एका वयाच्या. तुमची गेली, त्यांच्याही चालल्यात. परवापासून तिघांचे फोन आलेत." त्यांनी माझी मेलेली डबी हातात घेऊन उलटसुलट केली. "ही काही सांगत नाही आता. ती वरची चालतेय, ती सांगेल. इंजिनियर तिच्यावरून नव्या बनवतील."

"कधी?"

"माहीत नाही."

त्यांचं हे तिसरं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि माझा तोल सुटला. मी म्हटलं, "नियम सांभाळणं सोपं असतं, ताई, ज्यांना पाय असतात त्यांना."

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ताईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, स्टुलावर चढल्या, वरची डबी काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवली. एक क्षण मला वाटलं, देतायत. पण त्यांनी ती तशीच उचलली आणि मागच्या खोलीत इंजिनियरकडे घेऊन गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "बोला तुम्ही. तुमचं बोलणं बरोबर आहे. पण ही मिळणार नाही."

पुढचं मला मालकांकडून कळलं. इंजिनियरचं म्हणणं होतं की एवढ्या जुन्या खुर्च्यांसाठी नवी डबी बनवण्यापेक्षा ते मॉडेल बंद झालं असं कळवून टाकावं, लोकांना नव्या खुर्चीवर सूट द्यावी. सगळीकडे तसंच करतात. मालकांचंही मन द्विधा होतं. मी ताईंना माझ्या पहिल्या खुर्चीचं दुकान कधीतरी वर्णन करून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग माझी खिडकी काढा आणि तिथे फुलं ठेवा." मालकांना फुलांचं काही कळलं नाही, पण खिडकी काढायचं कळलं. दुसऱ्या दिवसापासून लाल दोऱ्याची डबी उघडून त्यांनी इंजिनियरला तार न् तार तपासायला लावली. खुर्ची सुटताना किती हळू सुटते, उतारावर कशी थांबते, सगळं मोजलं. नवी डबी बाजारात कुठेही मिळणाऱ्या भागांची करायची ठरली. ती चिकटवायची की स्क्रूने बंद करायची यावरून पुन्हा वाद झाला. चिकटवलेली डबी मी कपाटात घेणार नाही, असं ताईंनी सांगून टाकलं. इंजिनियरने मान्य केलं, आणि पुढे तो स्वतःच स्क्रूचं कौतुक सांगत फिरायचा म्हणे.

मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. सुट्टीभर मी फोनकडे बघत बसले. फोन आला नाही. नव्या सत्राच्या पहिल्या सकाळी दादाने मला शाळेत गिरणीवरच बसवून, ढकलत आणून सोडलं. जड खुर्ची, तो घामाघूम झाला. ऑफिसात पंख्याखाली टेबल मांडलेलं होतं, त्यावर कोऱ्या फायली. शिपाईकाकांनी मला टेबलाला लावून उभी केली. मी फायलींकडे बघितलं आणि रडू येईल म्हणून उगाच चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात दारात ताई. हातात कापडी पिशवी, कानावर पेन्सिल. त्यांना खिडकी सोडून कुठे गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आहे," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून डबी काढली. मग शिपाईकाकांकडे वळल्या. "इथे शाळेत बंद पडली तर जवळ कोण असतं? तुम्ही ना? मग या इकडे."

काकांनी आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हर धरला नव्हता. ताईंनी त्यांना डबी बसवायला लावली, काढायला लावली, पुन्हा बसवायला लावली. मोठ्या बाई टॉर्च धरून वाकल्या होत्या आणि मधूनच "लाल तार राहिली, काका," असं सांगत होत्या. ताईंनी मला सांगितलं, "हा पहिला नग आहे. आधी कामावर असलेल्या माणसाकडे चालवून बघायचा, मग बाकीच्यांना पाठवायचा. लोक थांबलेत. एक कॉलेजची मुलगी आहे, एक दुकानदार आजोबा आहेत." मला त्या दोघांबद्दल काहीतरी विचारायचं होतं. त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दलही बोलायचं होतं. जुळवाजुळव करत होते, एवढ्यात काकांनी स्क्रू आवळला आणि त्यांना घड्याळ दिसलं. ते धावत जाऊन घंटा देऊन आले.

पहिला तास माझा होता. मी दांडी पुढे केली. खुर्ची हळूच सुटली, अगदी पूर्वीसारखी. टेबलापासून मागे घेतली, दाराशी वळवली, उंबऱ्यावरची फळी चढून बाहेर काढली. व्हरांडा लांबच लांब मोकळा होता. मला इतका आनंद झाला की मी दांडी पार टोकापर्यंत दाबली आणि खांब ओलांडत, कोपऱ्यावर वळून, थेट वर्गात शिरले.

तास संपल्यावर परत आले तर ऑफिसात काकाच होते. ताई गेल्या होत्या. मी त्यांच्याशी धड एक शब्दही बोलले नव्हते. मला फार वाईट वाटलं.

"केव्हा गेल्या?" मी विचारलं.

"तुम्ही वळेपर्यंत दारात उभ्या होत्या," काका म्हणाले. "मग पिशवी उचलली."

"काही म्हणाल्या का?"

"म्हणाल्या, बाईंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. बाकीच्या डब्या आजच पाठवून देते."